पिराप्पा वलद इरप्पा, हाजिर

मंठाळच्या अंगाला एक हलका होऊन गेला. हलका म्हणजे राय, म्हणजे मत, देणाऱ्यांचा मुलूख. एवढ्या एवढ्या गावांनी मिळून आपला एक माणूस हैदराबादेला बोलायला धाडायचा, असा सरकारचा हुकूम निघाला होता. तेराशे छप्पन फसली सालात हा हलका जन्मला आणि सरकार बदललं तेव्हा मेला. मधल्या दिवसांत त्यातल्या एकाही माणसानं राय दिली नाही. पण नकाशा होता, आणि नकाशावर लाल रेघ होती. ती ओढताना कारकुनाला शिंक आली असणार. कारण कवठळी गावापाशी रेघेनं असा हिसका खाल्ला, की गावचा मारुती हलक्यात राहिला आणि त्याची शेपटी हलक्याबाहेर गेली. त्या साली कवठळीची माणसं शेपटीच्या बाजूनं पाया पडेनात. तिकडनं केलेला नमस्कार सरकारात धरत नाहीत, म्हणत.

राय सगळ्यांना नव्हती. ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच. म्हणून कारकुनांनी जमिनीच्या खात्यावरची नावं उचलली आणि फेहरिस्त तयार केली. कवठळीत नऊ नावं निघाली. त्या नवातले चौघे मेलेले होते. मेल्या माणसाचं नाव खात्यावरनं काढायचं तर तहसिलीला खेटे घालावे लागतात, आणि मेलेला काही नाव काढा म्हणून घरच्यांच्या मागं लागत नाही.

एक पिराप्पा धनगर सोडून. तो लागायचा.

बाणूबाई त्याची सून. तिनं सासऱ्याचं तोंड कधी बघितलं नव्हतं. ती लग्न होऊन यायच्या पाच वर्षं आधी तो मेंढरं घेऊन भीमेकडं गेला तो गेलाच, असं घरात सांगत. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत, ज्वारी उपटून जेवायला बसली असताना, ऐन दुपारी तिच्या तोंडून म्हाताऱ्या बाप्याचा घोगरा आवाज निघाला.

"माझा दगड कामून बसवंनात रं तुमी?"

तेव्हापासनं तो यायचा. भुताला शोभेल अशा वेळेला कधीच नाही. ऊन डोक्यावर आलं, बांधावरच्या हिवराखाली भाकरी सोडली, की यायचा. बाणूबाईच्या मानेला मुंग्या यायच्या, नाकात ओल्या लोकरीचा वास शिरायचा, जीभ जड व्हायची, आणि पुढचं तिला कळायचं नाही. शुद्धीवर आली की घसा सोललेला, कंबर म्हाताऱ्यासारखी धरलेली, आणि समोर सासू निलम्मा पदरानं तोंड पुसत बसलेली.

"काय म्हनले?" बाणूबाई विचारायची.

"काय म्हननार? दगड."

दगड म्हणजे मेल्या माणसाचा. त्यांच्या घराण्यात कर्ता पुरुष गेला की रानात त्याचा दगड बसवत, शेंदूर लावत, भाऊबंदाला जेवू घालत. दगड बसला की माणूस मेला. तोवर त्याला मेला म्हणायचं नाही. आणि पिराप्पाला मेला म्हणणं या घराला जड होतं. बाणूबाईचा नवरा इरप्पा पिराप्पाच्या पोटचा नव्हता. निलम्मा पाट लावून आली तेव्हा दोन वर्षांचा तो तिच्या कडेवर होता. पिराप्पा स्वतः कागदावर वलद इरप्पा, म्हणजे इरप्पाचा मुलगा; तेच आपल्या बापाचं नाव त्यानं पोराला ठेवलं, खांद्यावर घेऊन मेंढरांमागं हिंडवलं, पण रक्ताचं ते रक्ताचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. सरकारनं विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पिराप्पा मेला असं कागदावर चढलं की वारस कोण ते गावच्या पाटलानं सांगायचं, आणि पाटील गुंडेरावाचं रान त्याच बांधाला लागून होतं.

म्हणून पिराप्पा कागदावर जिता होता, आणि सोळा सुग्या बाणूबाईच्या गळ्यातून दगड मागत होता.

माघातली गोष्ट. ज्वारी उपटायची चालली होती. बाणूबाईनं तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या, तरी फोड फुटून चिंध्या लाल झालेल्या. ताट धरायचं, बुडात वाकायचं, हिसडायचं, माती झटकायची, मागं टाकायचं. मागनं इरप्पा पेंढ्या बांधत येत होता. निलम्मा पडलेली कणसं ओटीत वेचत होती. बांधावरनं पाटलाची घोडी आली आणि तिनं आधी पेंढीला तोंड लावलं, मग पाटील बोलला.

"इऱ्या, बाप कुठाय रं?"

"भीमेकडं, मालक."

"एकवीस वर्सं? मेंढरांना पवायला शिकवायलाय का काय?"

इरप्पा हसला. पाटील विनोद करतो तेव्हा हसावं लागतं. घोडी दुसरी पेंढी खायला लागली, तिकडं त्यानं बघितलं नाही.

"मंगळवारी तहसिलीचा गिरदावर यायलाय चावडीत," गुंडेराव म्हणाला. "फेहरिस्त पडताळायला. नाव पुकारलं की मानूस हाजिर पाह्यजे. हाजिर न्हाई त्याच्या नावावर फुली. फुलीचा कागद तहसिलीला. मग जमिनीचं पुसनं आलंच."

"मालक, तुमी सांगितलं तर..."

"मीच सांगायलोय. माझा मेव्हना उभारलाय या हलक्यात. हुमनाबादचा. दोन-चार रायांवर अडलंय त्याचं. मला तुझा बाप मेलेला नको हाय, इऱ्या, जिता पाह्यजे. होळीपतोर जगला तरी लई झालं."

"आनू कुठनं?"

पाटलानं बाणूबाईकडं बघितलं. ती पाठमोरी होती, तरी तिच्या पाठीला ते कळलं.

"तुझी बायकू आनती की. सारं गाव ऐकायलंय सोळा सालं. आवाज हाय, घोंगडी घरात असंल. आत काय हाय ते कोन बघायलंय? गिरदावराच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, आन् ध्यान माझ्या घरच्या कोंबडीत."

"आन् न्हाई आले तर?" बाणूबाई म्हणाली. पाटलापुढं ती कधी बोललेली नव्हती. तिचा तिलाच आवाज नवा वाटला.

"कोन?"

"मामा."

"न बोलवता इतकी सालं यायलाय. सरकारनं बोलवल्यावर कामून येना?" पाटील खूष झाला आणि घोडीला टाच मारून गेला. जाताना घोडीनं तोंडात एक कणीस नेलं.

इरप्पानं आधी दुसरी वाट धरून बघितली. पहाटे उठून राजेश्वरला चालत गेला. तिथं महादेवप्पा म्हणून एक म्हातारा धनगर होता. ऐंशीच्या पुढचा, बोळका, मागंपुढं कुणी नाही. त्याला म्हणाला, आण्णा, एक दिवस माझा बाप व्हा. पोटभर मटण खाऊ घालतो, नवी घोंगडी देतो.

महादेवप्पानं घोंगडीचा पोत विचारला, मटणाला कोणतं बकरं ते विचारलं, आणि मग मान हलवली. "नको रं बाबा. आज मी पिराप्पा म्हनून अंगठा दिला, आन् उद्या मराया लागलो, तर वर माझं नाव घेऊन कोन पुकारंल? ते म्हनतील महादेवप्पाचा पत्ता न्हाई, पिराप्पा येऊन गेलाय. मी दारातच बसून ऱ्हाईन."

इरप्पा संध्याकाळी परत आला, पाय धुतले, आणि बायकोकडं न बघता जेवला.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर निलम्मा सुनेजवळ येऊन बसली. कणसं खुडायची होती.

"मंगळवारी त्याला येऊ देऊ नको," निलम्मा म्हणाली.

"माझ्या हातात हाय का आत्या?"

"आला तर दगडच मागंल. गिरदावरापुढं. मी मेलोय म्हनंल. मग झालं."

"मग बोलंल कोन?"

"तू बोल."

"मला काय ठावं त्यांचं बोलनं? माझ्या तोंडातनं येतंय, कानात कुठं येतंय?"

तेव्हा निलम्मानं इकडंतिकडं बघितलं, पदर सावरला आणि खाकरली. साधं खाकरणं नव्हतं. आधी दोनदा बारीक, मग एकदा मोठं, आणि शेवटी चिलीम झटकावी तसा उसासा. "आसं. बोलायच्या आधी आसं करायचे. मेंढरंबी वळून बघायची."

बाणूबाईनं करून बघितलं.

"लई बायकी झालं. छातीतनं काढ. आन् 'हुजूर' म्हनताना नाकात बोलायचे. आन् बोलता बोलता मधीच थांबायचे. वाटायचं इसरले. इसरायचे न्हाईत. समोरच्याला घाम फुटावा म्हनून थांबायचे." निलम्माच्या तोंडावर कुठनंसं हसू आलं. एवढ्या वर्षांत बाणूबाईनं ते बघितलं नव्हतं. "रातच्याला पाय चेपायला सांगताना बी तसंच. आधी खाकरनार, मग थांबनार."

"आत्या!"

"हसू नको गं. खाकर."

दुपार टळेपर्यंत दोघी खाकरत होत्या. निलम्मानं रानाच्या चारी सीमा सांगितल्या, पटकीचं साल सांगितलं, कोणत्या मेंढीला काय नाव होतं तेही सांगितलं. शेवटी बाणूबाईनं खाकरून "निलू, पानी आन" म्हटलं, आणि निलम्मा खरंच उठली. चार पावलं गेली आणि खाली बसली. मग त्या दिवशी शिकवणी पुढं झाली नाही.

मंगळवारी बाणूबाईनं हातातल्या बांगड्या कोपराच्या वर सारल्या आणि चिंधीनं आवळून बांधल्या. पिराप्पाची घोंगडी आढ्याला टांगलेली होती. ती उतरवली तर तिच्यातनं एवढी धूळ निघाली की एक माणूस मातीत परत जावा. नवऱ्यानं तिला बैलगाडीत बसवलं. वाटेत माणसं थांबून बघत होती, आणि बघितलं नाही असं करत होती.

चावडीच्या ओट्यावर गिरदावर जाजमावर बसला होता. चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. बाजूला गुंडेराव. वाड्याकडनं मसाल्याचा वास येत होता. बाणूबाई घोंगडीत डोक्यापासनं पायापर्यंत बसली. आत उकडत होतं, लोकर गालाला टोचत होती, घाम नाकावरनं ओठांवर उतरत होता. ती वाट बघत होती. येऊ नको म्हणत होती, आणि वाट बघत होती. मानेला मुंग्या येतील, जीभ जड होईल, मग आपलं काही नाही, तो आणि सरकार बघून घेतील. लोकरीचा वास तर होताच.

"पिराप्पा वलद इरप्पा!"

मुंग्या आल्या नाहीत.

"पिराप्पा वलद इरप्पा! हाजिर है क्या नै?"

जीभ हलकी होती, तिचीच होती. सोळा वर्षं जो तिला न विचारता यायचा, तो आज बोलावल्यावर आला नव्हता. घोंगडीत ती एकटी होती. एवढी एकटी ती माहेराहून येतानाही नव्हती. गुंडेरावानं घसा साफ केला. गिरदावरानं टाक उचलला. फुली मारायला टाक कसा धरतात ते तिला घोंगडीच्या विणीतनं दिसलं.

"पिराप्पा वलद..."

बाणूबाई खाकरली. दोनदा बारीक, एकदा मोठं. चावडीसमोर बांधलेली दोन बकरी वळून बघायला लागली.

"हाजिर, हुजूर," ती नाकात म्हणाली.

"बाबा, उमर कित्ती?"

ती थांबली. गिरदावरानं घाम पुसला. "मोजली न्हाई, हुजूर. मोठ्या पटकीत मिसरूड फुटलं होतं."

"जमीन की चारों हद्दां बोलो."

तिनं सांगितल्या. उगवतीला ओढा, मावळतीला पाटलाचं रान, दक्षिणेला गाडीवाट, उत्तरेला गायरान. गिरदावर कागदावर बोट ठेवून मान हलवत गेला. इथवर निलम्माचं होतं. पुढचं कुणी शिकवलेलं नव्हतं.

"हुजूर, एक अर्ज हाय. माझे डोळे गेले, पाय गेले. पुढल्या टायमाला राय द्यायला माझ्यानं येनं व्हायचं न्हाई. माझा ल्योक येईल. इरप्पा. माझा एकुलता, माझ्या बापाच्या नावाचा. माझ्यामागं रानाचा तोच धनी. एवढं माझ्या नावापुढं लिवून ठिवा."

अख्ख्या हलक्यात पुढच्या खेपेची काळजी करणारा एकही माणूस गिरदावराला अजून भेटला नव्हता. जो तो ह्याच खेपेला कंटाळलेला. त्याला गहिवरून आलं. "देखो पटेल, ऐसा होना आदमी!" म्हणाला, आणि शेऱ्याच्या खान्यात उर्दूत दोन ओळी लिहिल्या. मग वही पाटलाकडं सरकवली. "शनाख्त करते ना? यहीच पिराप्पा? दस्तखत करो."

गुंडेराव घोंगडीकडं बघत राहिला. पण ओट्याखाली गाव बसलेलं, राय मेव्हण्याला हवी, आणि वाड्यात कोंबडी शिजून गार होत होती.

"हौ साहेब. यहीच," म्हणाला, आणि सही केली.

घोंगडीतनं हात बाहेर आला. ज्वारीनं सोललेला, भेगाळलेला, नखात माती. तो बाईचा का बाप्याचा, ते सांगणारा माणूस पैदा व्हायचा होता. अंगठा शाईत बुडाला, कागदावर टेकला. हाजिर.

दुसऱ्या दिवशी बाणूबाई हिवराखाली जेवायला बसली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस नाही. घसा बरा झाला, कंबर सुटली, आणि तिला चैन पडेना. भाकरी खाताना मधेच थांबून ती मानेवरनं हात फिरवायची. बायका म्हणाल्या, सुटलीस बाई. ती हो म्हणाली.

नवव्या दिवशी गावचा गाडीवान हुमनाबादहून माल टाकून आला. पारावर सांगायला लागला, की सडकेच्या कडेला एक म्हातारा भेटला. धनगर दिसत होता, मेंढरू एक नव्हतं. कवठळीची वाट विचारत होता. चावडीत बोलावणं आलंय, म्हणाला.

माणसं हसली. हुमनाबादला काय, शंभर म्हातारे वाट विचारतात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी राजेश्वरहून महादेवप्पाचा निरोप आला. असा असा एक जण माझ्या ओट्यावर बसून गेला, पाण्याचा तांब्या अख्खा प्याला, आणि तांब्या भरलेलाच राहिला. तुमचा दिसतोय, सांभाळा.

मग मंठाळचा बाजार झाला. शेजारची भागम्मा तिथं लोणी विकायला बसायची. ती माघारी आली ती सरळ यांच्या खळ्यावर. उपणणी चालली होती. निलम्मा तिवड्यावर उभी राहून सुपातनं दाणे वाऱ्यावर सोडत होती.

"एक म्हातारं आलं होतं गं बाजारात," भागम्मा म्हणाली. "आधी दोनदा खाकरलं, मग मोठ्यानं खाकरलं. मग म्हनलं, निलू हाय का जिती?"

सूप निलम्माच्या हातातनं सुटलं. ती तिवड्यावरनं उतरली, म्हणजे अर्धी उतरली, अर्धी पडली. भागम्माला इरप्पानं वाटेला लावलं. बाणूबाईनं सासूला पाणी पाजलं.

"बाप जिता असंल तर बरंच की गं आये," इरप्पा म्हणाला. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण हे म्हणताना त्याचा आवाज पातळ झाला.

"जिता न्हाई."

"तुला काय ठावं?"

"मी पुरलाय त्याला."

वारा पडला होता. भुसा होता तिथंच तरंगत होता.

निलम्मा सांगत गेली, जमिनीकडं बघत. इरप्पा तेव्हा पंधरा वर्षांचा, आजोळी गेलेला. पिराप्पा दुपारचा हिवराखाली येऊन बसला, छातीवर हात ठेवून पाणी मागितलं. ती ओढ्यावरनं पाणी घेऊन आली तोवर संपलं होतं. ती तिथंच बसून राहिली. गावात सांगावं तर उद्या पाटील पोराला बांधावरनं उठवणार. कुदळ रानातच होती. मेंढरं महिनाभर तिथं बसवलेली, लेंड्यांनी भुई मऊ झालेली. सूर्य कलायच्या आत तिनं त्याला मातीत घातला, आणि वरनं आठ दिवस मेंढरं बसवली. दोनशे मेंढरांचे पाय फिरल्यावर कुठं उकरलं होतं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मग कळप आपल्या भावाबरोबर भीमेकडं लावून दिला आणि त्याच्यासंगं नवराही गेला म्हणून सांगितलं.

"हिवराखाली?" बाणूबाई म्हणाली.

"व्हय."

"म्हंजे आपन जेवतो तिथं?"

"व्हय."

"सोळा वर्सं तुमी मला त्यांच्या उरावर बसवून जेवू घातलं?"

"मीबी बसायचेच की गं." निलम्मानं डोळे पुसले नाहीत. "मला वाटलं, मानसांत ऱ्हाईल. भाकरीचा वास येईल त्याला."

इरप्पा उठला आणि ओढ्याकडं गेला.

राय द्यायचा दिवस उजाडला तेव्हा सरकारी माणूस कुलूपबंद पेटी घेऊन आला, आणि दोन तासांत पेटी घेऊन गेला. समोरचा उमेदवार आदल्या दिवशीच बसला होता. पाटलाचा मेव्हणा कुणाचीही राय न घेता निवडून आला. कवठळीत त्या दिवशी जिते पाच आणि मेलेले चार, सगळे रिकाम्या हातानं घरी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडेराव घोडीवरनं बांधावर आला. घोडीला खायला आता पेंढी नव्हती, नुसतं रान होतं.

"इऱ्या, बापाचं काम झालं रं. आता मरू दे त्याला. मी तहसिलीला कळवून टाकतो."

इरप्पा हिवराखाली खड्डा घेत होता. शेजारी ओढ्यातला काळा दगड, हातभर उंच, शेंदूर लावलेला. बाणूबाई पाणी शिंपत होती. तिनं वर बघितलं.

"कळवा की, पाटील. आमीबी दगडच बसवायलोय."

पाटलाला हे अपेक्षित नव्हतं. "वारस कोन म्हनून मला पुसतील, ठावं हाय न्हवं?"

"काय सांगनार?"

"खरं ते."

"चावडीत लिवलंय ते? मामानी सोताच्या तोंडानं सांगितलेलं? त्याच्या खाली सही कुनाची हाय, पाटील?"

"ती तू होतीस, भवाने!"

"मग तसं सांगा." बाणूबाई पाणी शिंपतच राहिली. "बाईला घोंगडीत घालून, बाप्या म्हनून, भर चावडीत शनाख्त दिली म्हनून सांगा. गिरदावरालाबी आवडंल. तुमच्या मेव्हन्यालाबी."

घोडी पुढचा पाय आपटत होती. गुंडेरावानं दगडाकडं बघितलं, खड्ड्याकडं बघितलं, आणि घोडी वळवली. ती वळताना बांधाचं एक ढेकूळ निसटून यांच्या रानात पडलं. इरप्पानं ते उचलून पाटलाच्या रानात टाकलं. एवढं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलं.

दगड बसला. निलम्मानं हळद वाहिली, कपाळाचं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. बांगड्या फोडायला तिला तेवढाच दगड होता, त्याच्यावरच फोडल्या. भाऊबंद पुढं कधी बोलवू, म्हणाली. मग इरप्पा आईला धरून घराकडं घेऊन गेला.

बाणूबाई मागं राहिली. आंबलीचं मडकं, भाकरीचं फडकं आवरायचं होतं. ऊन डोक्यावर आलं. सावली हिवराच्या बुडात गोळा झाली.

मंठाळच्या वाटेनं एक म्हातारा येत होता. सूर्य माथ्यावर असूनही त्याचं तोंड दिसत नव्हतं, घोंगडीची खोळ पुढं आलेली. बांधापाशी तो थांबला. दोनदा बारीक खाकरला, मग एकदा मोठ्यानं.

"कुनाचा दगड गं बाई?"

तो आवाज बाणूबाईनं कानांनी पहिल्यांदा ऐकला, पण तिच्या गळ्याला तो पाठ होता. पदर हातानं ओढावा लागला नाही, आपसूक डोक्यावरनं खाली आला.

"सासऱ्याचा."

"नाव काय?"

सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तिनं घेतलं. "पिराप्पा वलद इरप्पा."

म्हातारा थांबला. विसरला असं वाटावं इतका वेळ थांबला. "चावडीत तर जिता लिवलाय म्हनत्यात. म्हनून आलो एवढ्या लांबनं."

"मी खोटं बोलले, मामा. तुमच्या पोराचं रान जात होतं."

"ऱ्हायलं?"

"ऱ्हायलं."

त्यानं मान हलवली. दगडाला काठी लावून बघितली. "बसलाय चांगला," म्हणाला. मग रानाकडं बघितलं, गावाकडं बघितलं, आला त्या वाटेकडं बघितलं.

"चावडीत जिता, बांधावर मेलेला. मग मी आता कुठं जाऊ गं?"

बाणूबाई हिवराच्या सावलीतनं थोडी सरकली, दगडाशेजारची जागा हातानं झाडली, फडकं पुन्हा सोडलं. एक भाकरी उरली होती. ती तिनं मोडली नाही, अख्खी पुढं ठेवली, शेजारी आंबलीचं मडकं.

"बसा," ती म्हणाली.

म्हातारा बसला, आणि आपल्या रोजच्या जागी बसल्यासारखा जेवायला लागला. सकाळपासनं तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. म्हातारा घास घेत होता, आणि बाणूबाईचं पोट भरत होतं.